वॉशिंग्टन यांचे अखेरचे वीस तास आणि घशातील एक पान

१/
१४ डिसेंबर १७९९. व्हर्जिनियातील माउंट व्हर्नन. पहाटे २ ते ३ च्या दरम्यान अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी पत्नी मार्था यांना जागे केले. अंगात हुडहुडी भरली होती, शब्द फुटत नव्हता, श्वास कष्टाने येत होता. त्याच रात्री १० ते ११ च्या दरम्यान त्यांचे निधन झाले. वय ६७. अवघ्या वीस तासांत नेमके काय घडले? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर इतिहासाच्या कागदपत्रांबरोबर मानवी घशाची रचनाही वाचावी लागते. आजचा धागा त्याविषयी. 🧵

२/
आरंभी एक कबुली. पदवीच्या वर्षात असताना ‘वॉशिंग्टन यांना त्यांच्याच डॉक्टरांनी मारले’ असे सांगणारे एक विनोदी चित्र मी मोठ्या उत्साहाने पुढे पाठवले होते. पुढे मूळ नोंदी वाचल्या आणि आपण एका अवघड प्रसंगाचा चुटका करून टाकला, हे ध्यानात आले. त्या खोलीत जे घडले ते चुटक्याहून अधिक गंभीर आहे. आणि आपल्याला शिकवण्यासारखेही त्यात पुष्कळ आहे.

३/
प्रथम साधनांविषयी. आपली मुख्य साक्ष वॉशिंग्टन यांचे खाजगी सचिव टोबायस लिअर यांची. ते दिवसभर शय्येजवळ होते आणि त्यांनी घटनाक्रम तत्काळ लिहून ठेवला. दुसरे साधन म्हणजे जेम्स क्रेक आणि एलायशा डिक या दोन डॉक्टरांनी काही दिवसांतच वृत्तपत्रात प्रसिद्ध केलेले निवेदन. तिसरे, डॉक्टरांची नंतरची खाजगी पत्रे. ही तिन्ही साधने सारखेच बोलत नाहीत. एकात जे आहे ते दुसऱ्यात गाळलेले आहे. हे गाळलेले काय, ते पुढे येईलच.

४/
१२ डिसेंबरला वॉशिंग्टन नित्याप्रमाणे घोड्यावरून शेतीची पाहणी करायला निघाले. बर्फ, गारा, पाऊस आणि बोचरा वारा यांत ते सुमारे पाच तास फिरले. परतल्यावर ओल्या कपड्यांनिशीच जेवायला बसले. १३ तारखेला घसा दुखू लागला, तरी दुपारनंतर तोडायच्या झाडांवर खुणा करण्यासाठी ते पुन्हा बाहेर पडले. संध्याकाळी आवाज बसला होता. लिअर यांनी औषध घ्यायला सुचवले. पण सर्दीवर आपण काही घेत नसतो, आली तशी जाईल, असे म्हणून त्यांनी ते टाळले.

५/
येथे क्षणभर थांबून घशाचा नकाशा पाहू. श्वसनमार्गाच्या वरच्या भागात नासागुहा, कवटीच्या हाडांतील वायुकोटरे, ग्रसनी म्हणजे घशाचा मागचा भाग, आणि स्वरयंत्र हे अवयव येतात. स्वरयंत्राच्या खाली श्वासनलिका सुरू होते व ती फुप्फुसांकडे जाते. स्वरयंत्राला कोणी वरच्या भागात मोजतात, तर कोणी त्याला सीमा मानतात. आपल्या कथेत मात्र ते सीमेवरचे नाके आहे आणि सारा प्रसंग या नाक्यावरच घडतो.

६/
नाकाचे काम केवळ वास घेण्याचे नाही. नासागुहेच्या प्रत्येक बाजूच्या भिंतीवर शिंपल्यासारखी वळलेली तीन हाडे असतात. त्यांच्यावरचे अस्तर रक्तवाहिन्यांनी भरलेले असते. बाहेरची गारठलेली हवा या वळणांतून जाताना शरीराच्या तापमानाच्या जवळ येते आणि ओलसर होते. चिकट श्लेष्मा धूळ व जंतू अडकवतो आणि अतिसूक्ष्म रोम तो श्लेष्मा सतत घशाकडे ढकलत राहतात; तेथून तो आपण नकळत गिळतो. माउंट व्हर्ननच्या त्या बर्फाळ दुपारी ही यंत्रणा पूर्ण जोमाने राबत असणार.

७/
परंतु युरोपीय वैद्यकाने कित्येक शतके नाकाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. शेंबूड मेंदूत तयार होतो आणि कवटीच्या तळातील बारीक छिद्रांतून खाली झिरपतो, अशी प्राचीन ग्रीकांपासून चालत आलेली समजूत होती. पडशासाठीचा युरोपीय शब्द ‘कॅटार’ याचा मूळ ग्रीक अर्थच ‘खाली वाहणे’ असा आहे. १६६० च्या दशकात विटेनबर्गचे प्राध्यापक कॉनराड व्हिक्टर श्नायडर यांनी दाखवून दिले की हा स्राव मेंदूतून येत नाही, तर नाकाच्या अस्तरातूनच पाझरतो. मेंदूचे ‘गटार’ म्हणून नाकाची ओळख तेव्हा पुसली जाऊ लागली.

८/
आता घशाकडे. मानवी शरीरातील ही एक विलक्षण जागा आहे, कारण येथे हवेची वाट आणि अन्नाची वाट एकमेकींना छेदतात. हवा मागच्या वरच्या बाजूने येते आणि पुढच्या स्वरयंत्रात उतरते. घास पुढच्या तोंडातून येतो आणि मागच्या अन्ननलिकेत जातो. म्हणजे प्रत्येक घासाला श्वासाची वाट ओलांडावी लागते. जेवताना बोलले की ठसका लागतो तो यामुळेच. ठसका म्हणजे चुकलेल्या वाटसरूला नाक्यावरून परत पाठवण्याची शरीराची तातडीची आज्ञा.

९/
या नाक्यावर एक पहारेकरी आहे. जिभेच्या मुळाशी, स्वरयंत्राच्या तोंडावर, झाडाच्या पानासारख्या आकाराचा एक लवचीक कूर्चेचा पडदा असतो. त्याला अधिस्वरद्वार म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात एपिग्लॉटिस. श्वास घेताना हे पान उभे असते. गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते, पान मागे झुकते आणि घास त्यावरून घसरून अन्ननलिकेत उतरतो. कंठावर बोट ठेवून आवंढा गिळून पाहा. स्वरयंत्राची वरखाली हालचाल बोटाला जाणवेल.

१०/
हे पानच सुजले तर? गिळणे असह्य होते, कारण प्रत्येक घोट सुजलेल्या भागाला ढकलतो. द्रव पदार्थ चुकीच्या वाटेला जाऊन जीव गुदमरतो. आवाज दबका होतो. रुग्णाला आडवे पडवत नाही. तो उठून बसतो. आणि वाट अरुंद झाली की श्वासाचे कष्ट किती वाढतात, याचे गणितही निष्ठुर आहे: संथ वाहणाऱ्या प्रवाहात नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर प्रवाहाला होणारा विरोध सोळापट होतो. थोडी सूज म्हणजे थोडा त्रास, असे हे प्रमाण नव्हे.

११/
ही लक्षणे मनात ठेवून लिअर यांची नोंद वाचू. मार्था यांना उठायचे होते. पण तुम्हालाही सर्दी होईल म्हणून वॉशिंग्टन यांनी त्यांना उठू दिले नाही. उजाडताना कॅरोलाइन ही दासी शेगडी पेटवायला आली, तेव्हा लिअर यांना बोलावणे गेले. काकवी, व्हिनेगर आणि लोणी यांचे मिश्रण दिले; एक थेंबही गिळवेना, उलट ते गुदमरले. पुढे सेज नावाच्या वनस्पतीचा काढा व व्हिनेगर यांच्या गुळण्या करताना तर श्वासच अडकला. दुपारनंतर ते उठून शेकोटीजवळ बसले, पुन्हा निजले, सारखी कूस बदलत राहिले.

१२/
यानंतर उपचार. डॉक्टर येण्यापूर्वीच मुकादम रॉलिन्स यांच्याकडून वॉशिंग्टन यांनी स्वतः रक्त काढवून घेतले. रॉलिन्स घाबरले होते. वॉशिंग्टन त्यांना धीर देत होते आणि छेद पुरेसा मोठा नाही, आणखी काढा, असे सांगत होते. मार्था फार रक्त काढू नका अशी विनवणी करत होत्या. हे दृश्य मुद्दाम सांगतो, कारण रक्तमोक्षण त्यांच्यावर कोणी लादलेले नव्हते. तो त्या काळचा सर्वमान्य उपाय होता आणि रुग्णाचा त्यावर पूर्ण विश्वास होता.

१३/
सकाळी डॉ. जेम्स क्रेक आले. ते वॉशिंग्टन यांचे चाळीसहून अधिक वर्षांचे स्नेही. त्यांनी घशावर फोड आणणारा लेप लावला आणि पुन्हा रक्त काढले. दुपारी डॉ. गुस्टाव्हस ब्राऊन आणि डॉ. एलायशा डिक येऊन पोहोचले. पाऱ्यापासून केलेले कॅलोमेल हे रेचक झाले, वांतीकारक औषध झाले आणि रक्तमोक्षणही झाले. एकंदर चार वेळा. अभ्यासकांच्या अंदाजानुसार दिवसभरात सुमारे ८० औंस, म्हणजे २.३ लिटरच्या आसपास रक्त गेले. शरीरातील एकूण रक्ताचा हा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक.

१४/
आणि आता ती गाळलेली गोष्ट. तिघांत सर्वांत तरुण डिक होते, वय ३७. आणखी रक्त काढू नये, रुग्णाला आपल्या साऱ्या शक्तीची गरज आहे, असे त्यांचे मत होते. एवढेच नव्हे, तर घशाच्या खाली श्वासनलिकेला छिद्र पाडून हवेला नवी वाट द्यावी, असे त्यांनी सुचवले. क्रेक आणि ब्राऊन यांनी ते नाकारले. वृत्तपत्रातील निवेदनावर डिक यांची सही आहे, पण त्यात या प्रस्तावाचा उल्लेख नाही. तो आपल्याला नंतरच्या खाजगी पत्रातून कळतो.

१५/
हा प्रस्ताव वेडेपणाचा होता का? मुळीच नाही. शरीररचनेचे ज्ञान तेव्हा उपलब्ध होते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गॅलेन यांनी जिवंत डुकराच्या स्वरयंत्राकडे जाणाऱ्या नसा कापून त्याचे किंचाळणे बंद पडते, हे रोममध्ये लोकांसमोर दाखवले होते. १६००-०१ मध्ये इटलीतील ज्युलिओ कासेरिओ यांनी स्वरयंत्राची तपशीलवार चित्रे छापली. श्वासनलिकेला छेद देऊन रुग्ण वाचवल्याची नोंद १५४६ मध्ये अँटोनिओ मुसा ब्रासाव्होला यांच्या नावावर आहे. नकाशा होता, वाटही ठाऊक होती.

१६/
मग नकार का? तिघांपैकी दोघांच्या जागी उभे राहून पाहा. तोपर्यंत या शस्त्रक्रियेत वाचलेल्यांची उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकी. भूल देणारा ईथर जगासमोर यायला १८४६ उजाडणार होते. जंतुनाशक शस्त्रक्रिया त्याच्याही नंतरची. आणि मेजावर राष्ट्रपिता. चाकू चालवून ते दगावले, तर त्यांचा गळा कापणारा डॉक्टर म्हणून नाव राहणार. रक्त काढून दगावले, तर सर्व प्रयत्न झाले असे जग म्हणणार. रूढ उपाय चुकला तर दोष दैवाचा आणि नवा उपाय चुकला तर दोष माणसाचा. हा न्याय आजही फारसा बदललेला नाही.

१७/
आणखी एक अडचण अशी, की रोग नेमका कुठे आहे हे कोणालाच दिसत नव्हते. डॉक्टरांनी निदान केले ते श्वासनलिकेच्या वरच्या भागाच्या दाहाचे. जागा जवळपास अचूक होती! परंतु जिभेच्या मुळामागचे ते पान तोंडातून सहज दिसत नाही. मृतदेहाच्या विच्छेदनातून त्याची रचना कळली होती; जिवंत माणसाच्या घशात डोकावण्याचे साधन मात्र नव्हते. जे दिसत नाही त्याच्या जागी सिद्धान्त येऊन बसतो. ‘शरीरातील दाह म्हणजे रक्ताचा अतिरेक’ हा तो सिद्धान्त.

१८/
इतिहासाचा एक विलक्षण योगायोग पाहा. रक्तमोक्षणाचे अमेरिकेतील सर्वांत मोठे पुरस्कर्ते होते फिलाडेल्फियाचे डॉ. बेंजामिन रश. १७९३ च्या पीतज्वराच्या साथीत त्यांनी सढळ हाताने रक्त काढले. पत्रकार विल्यम कॉबेट यांनी त्यावर झोड उठवली, तेव्हा रश यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. कॉबेट यांना ५,००० डॉलरचा दंड सुनावणारा निकाल लागला तो १४ डिसेंबर १७९९ रोजी. म्हणजे न्यायालयात रक्तमोक्षणाचा कैवारी जिंकत होता, त्याच दिवशी माउंट व्हर्ननमध्ये शेवटचे रक्त काढले जात होते.

१९/
त्या खोलीत आणखी काही माणसे होती आणि त्यांची नावे फार वर्षे कोणी घेतली नाहीत. क्रिस्टोफर शील्स हे गुलाम सेवक दिवसभर शय्येजवळ उभे होते; दुपारी वॉशिंग्टन यांनी त्यांना खुणेने बसायला सांगितले, अशी नोंद आहे. १७९९ मध्ये माउंट व्हर्ननवर ३१७ गुलाम होते. त्यांपैकी वॉशिंग्टन यांच्या मालकीच्या १२३ जणांना मृत्युपत्राने मुक्ती मिळाली. क्रिस्टोफर आणि कॅरोलाइन हे मार्था यांच्या पहिल्या पतीच्या वारशातले. त्यामुळे ती मुक्ती त्यांच्या वाट्याला आली नाही. श्वासासाठी धडपडणाऱ्या धन्याची शुश्रूषा करणाऱ्यांची ही अवस्था इतिहासाच्या विद्यार्थ्याने नजरेआड करू नये.

२०/
अखेरचे क्षण. आपल्याला नीट पुरावे आणि मृत्यूनंतर तीन दिवस तरी देह तळघरात ठेवू नये, असे वॉशिंग्टन यांनी लिअर यांना बजावले. जिवंतपणी पुरले जाण्याची भीती त्या काळी सर्वत्र होती. मृत्यूच्या सुमारे दहा मिनिटे आधी श्वास हलका झाला. त्यांनी लिअर यांच्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि स्वतःची नाडी पाहिली. आयुष्यभर जमिनीची मोजणी, हिशेब आणि हवामानाच्या नोंदी ठेवणाऱ्या माणसाने शेवटी मोजले ते आपल्याच नाडीचे ठोके.

२१/
दुसऱ्या दिवशी विल्यम थॉर्नटन येऊन पोहोचले. हे अमेरिकेच्या संसदभवनाचे मूळ आराखडाकार आणि वैद्यकाचे पदवीधर. देहाला हळूहळू ऊब द्यावी, श्वासनलिका उघडून फुप्फुसांत हवा भरावी आणि कोकराचे रक्त द्यावे, म्हणजे ते पुन्हा जिवंत होतील, अशी त्यांची योजना होती. अर्थात ती मानली गेली नाही. आपल्याला ती हास्यास्पद वाटेल. परंतु हवेची वाट मोकळी करणे आणि गेलेले रक्त भरून काढणे, हे त्यातील दोन विचार आजच्या अतिदक्षता विभागाचे पायाभूत विचार आहेत.

२२/
पुढे काय झाले? १८३० च्या दशकात पॅरिसमध्ये पिएर लुई यांनी रुग्णांची आकडेवारी मांडून रक्तमोक्षणाचा लाभ फारच थोडा असल्याचे दाखवले. त्याच सुमारास आर्मां त्रूसो यांनी घटसर्पाने गुदमरणाऱ्या मुलांच्या श्वासनलिकेला छेद देण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. आणि १८५४ मध्ये जिवंत स्वरयंत्र प्रथम स्पष्ट पाहिले ते डॉक्टराने नव्हे, तर एका गायनशिक्षकाने! मानुएल गार्सिया यांनी दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने सूर्यप्रकाश आत टाकला आणि स्वतःच्या स्वररज्जूंची हालचाल पाहिली. १८५५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांचे निरीक्षण वाचले गेले. वॉशिंग्टन यांना जाऊन तेव्हा ५६ वर्षे होत आली होती.

२३/
आज बहुतेक अभ्यासक वॉशिंग्टन यांचा आजार तीव्र अधिस्वरद्वारदाह होता, असे मानतात. इतर शक्यताही मांडल्या गेल्या आहेत; शवविच्छेदन झाले नसल्याने अंतिम पुरावा नाही. लहान मुलांत हा आजार मुख्यतः ‘हिब’ जंतूमुळे होत असे. लस आल्यावर तो झपाट्याने घटला. भारतात हिबची लस अंतर्भूत असलेली पंचगुणी लस सरकारी कार्यक्रमात २०११ मध्ये केरळ व तमिळनाडूपासून सुरू झाली. आणि एक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट: गिळता येत नाही, लाळ गळते आहे, बसूनच श्वास घ्यावा लागतो आहे, असे कोणाला झाले तर घशात चमचा घालून पाहू नये, बळेच आडवे करू नये, तडक रुग्णालय गाठावे. तेथेही आधी श्वासाची वाट सुरक्षित केली जाते.

२४/
मग डिक यांचे ऐकले असते तर वॉशिंग्टन वाचले असते का? कदाचित. कदाचित जखमेच्या संसर्गाने काही दिवसांनी गेले असते. याचे उत्तर इतिहास देऊ शकत नाही. परंतु एक गोष्ट कागदावर आहे. जानेवारी १८०० मध्ये डॉ. ब्राऊन यांनी क्रेक यांना पत्र लिहिले. आपण आपल्या समजुतीप्रमाणे योग्य तेच केले, असे म्हणतानाच डिक यांचा रक्तमोक्षणाला असलेला विरोध कदाचित बरोबर होता, हे त्यांनी त्यात मान्य केले. वयाने व मानाने मोठ्या माणसाने, तीन आठवड्यांच्या आत, असे लिहिणे सोपे नसते.

२५/
म्हणून ‘डॉक्टरांनी मारले’ हे वाक्य मी आता वापरत नाही. त्या खोलीत ज्ञान होते, निष्ठा होती, योग्य सूचनाही झाली होती. उणीव होती ती पाहण्याच्या साधनाची. आणि सर्वांत धाकट्याचे म्हणणे तोलून पाहण्याच्या सवयीची. पहिली उणीव एका गायनशिक्षकाच्या आरशाने भरून काढली. दुसरी भरून काढणे प्रत्येक पिढीच्या हाती असते.

धागा येथे संपतो. आपल्या वाचनात असा एखादा प्रसंग आला असेल, जिथे बरोबर असलेले मत बैठकीतच विरून गेले, तर प्रतिसादात अवश्य लिहा. त्यांतील एखाद्यावर पुढचा धागा लिहीन. 🙏